रस्त्याकडेची झाडे

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांच्या आश्रयाने एक विस्तीर्ण वनप्रदेश पसरलेला आहे. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे या प्रदेशात येतात. पूर्वी या दोहोंचा मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्व विदर्भातील या मुलखाला तेथील लोक फार पूर्वीपासून 'झाडीपट्टी' म्हणतात आणि आपल्या बोलीला 'झाडीबोली' असे नाव देतात. कोणी आपल्या प्रांताला राजाचे नाव देतो, कोणी देवाचे. या लोकांनी मात्र आपल्या प्रांताची ओळख झाडांवरून सांगितली. चिचपल्ली, जांभूळघाट, पळसगाव, पिंपळगाव ही तेथील गावांची नावे ऐकली, की चिंच, जांभूळ, पळस आणि पिंपळ हे वृक्ष डोळ्यांपुढे उभे राहतात.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे ७० टक्के भाग वनांनी व्यापलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही वनांचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान जे ताडोबा, ते १९५५ साली याच जिल्ह्यात स्थापन झाले. मग ज्या प्रदेशात झाडांना तोटा नाही, तेथे रस्त्याकडेच्या चार झाडांची चिंता कशाला करावयाची, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी त्या झाडांवर कोण कोण राहते आणि त्यांचा आधार कोणाला आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

नकाशावर वनाचा हिरवा रंग सलग दिसतो, परंतु प्रत्यक्षात वन तसे सलग नसते. मध्ये धानाची शेते येतात, गावे व तलाव येतात, कोळशाच्या खाणी आणि लोहमार्ग येतात. रानाच्या एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाण्यासाठी प्राण्यांना हा उघडा पट्टा ओलांडावा लागतो. वाघ, बिबट्या हे प्राणी रात्रीच्या अंधारात तो ओलांडून जातात. परंतु वानर, खारी, फळे खाणारे पक्षी आणि वटवाघळे यांना वाटेत विसाव्यासाठी, खाण्यासाठी आणि लपण्यासाठी झाडच लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जुन्या वृक्षांची ओळ असली, म्हणजे ती ओळ या जीवांना रानाच्या दोन तुकड्यांमधल्या पुलासारखी उपयोगी पडते. शिवाय हे पक्षी व वटवाघळे एका ठिकाणी फळे खातात आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या बिया टाकतात. कोणी न लावताही माळावर उंबराचे किंवा पिंपळाचे रोप उगवलेले आपण पाहतो, ते याच पाहुण्यांचे काम होय.

अशा एखाद्या जुन्या उंबराचा एक दिवस कसा जातो, ते पाहू. चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. चंद्रपूरचा पारा या दिवसांत ४५ अंशांच्याही वर जातो. रानातील ओढे आटलेले आणि साग पर्णहीन झालेले असतात. परंतु उंबर मात्र हिरवागार उभा असून त्याच्या खोडावर व फांद्यांवर लालसर फळांचे घोस लागलेले असतात. पहाटेस प्रथम येतो तो हरियालांचा थवा. हिरवट पिवळ्या रंगाचा आणि पिवळ्या पायांचा हा कबुतराच्या कुळातील पक्षी आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचा बहुतेक सारा संसार झाडांच्या शेंड्यांवर आणि मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर चालतो. त्यांच्या पाठोपाठ तांबट, बुलबुल, साळुंक्या आणि राखी धनेश येतात. दुपारी वानरांची टोळी सावलीला बसते. फांद्यांवरून खाली पडलेली फळे टिपण्यासाठी चितळ येतात. रात्र पडली, की वटवाघळे फांद्यांभोवती घिरट्या घालू लागतात आणि उदमांजर हळूच खोडावर चढते. एकाच झाडाच्या पंगतीला असे चोवीस तास कोणी ना कोणी बसलेले असते.

वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातील झाडे आहेत. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या आत शेकडो बारीक फुले दडलेली असतात. त्या फुलांपर्यंत पराग पोहोचविण्याचे काम एक चिमुकला कीटक करतो. उंबर फोडले असता आत जे बारीक किडे दिसतात, त्यांत तोही असतो. या कुळाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील सर्व झाडे एकाच ऋतूत फळत नाहीत. एक झाड पौषात फळले, तर दुसरे वैशाखात फळते. म्हणून रानातील इतर फळे संपलेली असतात, तेव्हाही या झाडांपैकी एखाद्यावर फळे मिळतात. पाखरांच्या दृष्टीने ती दुष्काळातील कोठारेच होत.

मोहाचे महत्त्वही असेच आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची रसाळ फुले पहाटेच्या वेळी टपटप खाली पडतात. गोंड, माडिया व इतर रहिवासी ती वेचून वाळवतात. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीत मोहफुलांचा मोठा वाटा असतो. त्याच फुलांवर अस्वले, चितळ आणि वानर यांचाही हक्क आहे. रात्री वटवाघळे मोहाच्या फुलांकडे येतात आणि परागीभवनास साहाय्य करतात. म्हणजे एका मोहाच्या झाडावर माणूस व वन्य प्राणी दोघेही जगतात.

झाड जितके जुने, तितके ते अधिक जीवांना उपयोगी पडते. वादळात एखादी फांदी मोडते, त्या जागी बुरशी लागून लाकूड हळूहळू कुजते आणि काही दशकांनी तेथे ढोली तयार होते. या ढोलीत पोपट, पिंगळे आणि घोरपडी राहतात. राखी धनेशाची मादी तर अंडी घालण्यासाठी ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांनी तिचे तोंड लिंपून घेते. केवळ एक फट मोकळी ठेवते. पिले मोठी होऊ लागेपर्यंत ती आत कोंडलेली असते आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना फळे भरवितो. अशा वेळी ते झाड तोडले गेले, तर एक कुटुंबच्या कुटुंब नाहीसे होते. पांढऱ्या पाठीचे गिधाड आपले घरटे उंच वृक्षांच्या माथ्यावर बांधते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधामुळे भारतातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. जी थोडी गिधाडे उरली आहेत, त्यांना उंच वृक्ष उरले तरच घर मिळेल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी झाडे वर एकमेकांना भिडतात आणि रस्त्यावर हिरवी कमान तयार होते. वाटसरूला ती सावली देते. वानरांना व खारींना ती पैलतीरी नेते. ही कमान तुटली, म्हणजे त्यांना जमिनीवर उतरून डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. भरधाव वाहनांखाली चिरडलेली वानरे आणि खारी आपण अशा रस्त्यांवर पाहतो, त्याचे एक कारण हे आहे.

रस्त्याकडेच्या झाडांचे मोल आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुमारे २,२५० वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेस वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे नमूद केले आहे. आणि ही सावली पशू व माणसे या दोघांसाठी असल्याचेही त्याने सांगितले आहे. माणसांच्या आधी पशूंचे नाव घेणारा हा राजा विरळाच म्हटला पाहिजे. त्याच्या काळाचा एक लेख आपल्या झाडीपट्टीतही सापडला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळील देवटेक येथील एका शिळेवर ब्राह्मी लिपीत कोरलेली एक आज्ञा आहे. विदर्भातील थोर इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा अभ्यास केला. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती आज्ञा आहे. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' या ग्रंथात राजाला बजावले, की आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत; कारण ती एकदोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. गोंड लोक साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात बडादेवाचा वास मानतात. ताडोबा तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली तारू या देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना प्राण गमावलेला तारू हा गावप्रमुख पुढे देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले, अशी कथा तेथील लोक सांगतात.

आता आजच्या काळाकडे वळू. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे आणि गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे सिरोंच्याकडे जाणारे रस्ते वनांतून जातात. वाहतूक वाढली, तसे असे रस्ते रुंद करणे भाग पडते. रस्त्याची गरज खोटी नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे अशक्य होते. ज्या गावाला बारमाही रस्ता नाही, तेथील लोकांना रस्ता नको असे सुखवस्तू माणसाने सांगणे योग्य नव्हे. परंतु रस्ता हवा म्हणून प्रत्येक झाड तोडलेच पाहिजे, असेही नाही. कोठे रस्त्याला थोडे वळण देता येते. कोठे जुनी ओळ दोन मार्गांच्या मध्ये राखता येते. कोठे एकाच बाजूची जागा घेऊन दुसरी बाजू वाचविता येते. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गाचे रुंदीकरण झाले, तेव्हा पेंचच्या रानात, महाराष्ट्राच्या हद्दीत, नऊ ठिकाणी वन्य प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा सोडण्यात आल्या. कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा वाघ, चितळ आणि इतर अनेक प्राणी त्या वाटांनी ये-जा करताना आढळले. मनावर घेतले, तर मार्ग निघतो.

कायदाही झाडांच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ साली झाला. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, बिजा आदी वृक्षांचा समावेश आहे. शहरांतील झाडांसाठी १९७५ साली वेगळा कायदा झाला आणि २०२१ साली त्यात सुधारणा होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' ही संज्ञा मिळाली.

'एक झाड तोडले तर दहा रोपे लावू' असे आपण पुष्कळदा ऐकतो. हिशेब करावयास हे वाक्य सोपे आहे. पण हरियालाला तो हिशेब पटत नाही. शंभर वर्षांच्या वडाच्या जागी दहा रोपे लावली, तरी त्या दहांपैकी एकालाही यंदा फळ लागणार नाही आणि एकातही ढोली असणार नाही. त्यामुळे पहिला नियम हा, की उभे असलेले जुने झाड शक्यतो राखावे. दुसरा नियम हा, की जे जाणे अटळ आहे, त्याच्या जागी लावलेले रोप मोठे होईपर्यंत सांभाळावे.

तोडीशिवायही झाडे मरतात. त्यांचे हे मरण सावकाश येते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पाट्या ठोकण्यासाठी खोडात खिळे मारले जातात. त्या जखमांतून रोग आत शिरतो. बुंध्याशी कचरा पेटविला जातो. खोडाला अगदी खेटून सिमेंट ओतले जाते आणि मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. नळ किंवा तारा घालण्यासाठी चर खणताना मोठी मुळे तोडली जातात आणि पुढच्या वादळात ते झाड उन्मळून पडते. कोणी दुष्ट हेतूने खोडाभोवतीची साल वर्तुळाकार काढतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरांतूनच मुळांकडे उतरत असते. हा मार्ग सर्व बाजूंनी तुटला, की मुळे उपाशी राहतात आणि काही काळाने उभे झाड वाळते. झाडीपट्टीत आणखी एक संकट असते. फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून मोहाखालील पाला जाळण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती आग पसरली, तर रानातील हजारो कोवळी रोपे भस्म होतात. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी, जुने लुगडे असे काही अंथरले, तर फुले स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते.

नवीन झाड लावावयाचे तर कोणते लावावे? गुलमोहर दिसावयास सुंदर आहे, परंतु तो मूळचा मादागास्करचा. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली. आपल्या पाखरांना व प्राण्यांना या झाडांपासून फळांचा आहार मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, चिंच, आंबा, मोह, कडुनिंब, करंज, अर्जुन, बेहडा, काटेसावर, पळस ही आपल्या मातीतील व परिचयाची झाडे आहेत. त्यांपैकी काही फळे देतील, काही फुलांत मध देतील, काही ओढ्याकाठी उंच वाढून घरट्यांना आधार देतील. एकाच जातीची रांग न लावता त्यांचे मिश्रण करावे, म्हणजे बाराही महिने कोणाला ना कोणाला काहीतरी मिळेल.

जागा निवडतानाही विचार हवा. दाट रानातून जाणाऱ्या रस्त्यावर डांबराला लागूनच मोह किंवा बोर लावले, तर खाली पडलेल्या फुलाफळांसाठी अस्वल व चितळ रस्त्यावर येतील आणि वाहनाखाली सापडतील. तेथे अशी झाडे रस्त्यापासून बरीच आत असावीत. वळणावर चालकाची दृष्टी अडेल आणि विजेच्या तारांना फांद्या लागतील, अशा ठिकाणीही उंच झाड लावू नये. पुढे त्याच कारणासाठी त्यावर कुऱ्हाड पडते.

आता कृती पाहू. जांभूळ, मोह आणि कडुनिंब यांच्या बिया फार दिवस टिकत नाहीत. फळ पिकल्यावर त्या लवकर पेराव्या लागतात. चिंचोके मात्र पुष्कळ काळ टिकतात. वड आणि उंबर यांच्या जाड फांद्या पावसाच्या आरंभी जमिनीत रोवल्या, तरी त्यांना मुळे फुटू शकतात. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत, म्हणजे माती उन्हाने तापून त्यातील कीड कमी होते. मृगाचा चांगला पाऊस झाला, की माती व कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि कमरेएवढे तरी उंच रोप त्यात लावावे. आपल्याकडे बांबू विपुल आहे. त्याच्या कामट्यांचा कठडा रोपाभोवती करावा, म्हणजे शेळ्या व गुरे तोंड लावणार नाहीत. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. उन्हाळ्यात तळाशी बारीक छिद्र पाडलेले मडके रोपाजवळ पुरून ठेवले आणि ते आठवड्यातून दोनदा भरले, तर थेंब थेंब पाणी मुळांना मिळत राहते. जे रोप मेले, त्याच्या जागी पुढील पावसाळ्यात दुसरे लावावे. असे तीन उन्हाळे रोपाने काढले, की पुढे ते बहुधा आपल्या पायांवर उभे राहते.

हे काम सामान्य माणसांच्या शक्तीबाहेरचे नाही. कर्नाटकातील हुलिकल या खेड्यात थिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या हे मोलमजुरी करणारे दांपत्य राहत असे. त्यांना अपत्य नव्हते. हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेला त्यांनी वडाची रोपे लावण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. पाण्याच्या घागरी ती दोघे दूरवर वाहून नेत आणि गुरांपासून रक्षण व्हावे म्हणून रोपांभोवती काट्यांचे कुंपण करीत. अशा रीतीने त्यांनी वडाची ३८५ झाडे वाढविली. कन्नड भाषेत झाडांच्या ओळीला 'सालुमर' म्हणतात. त्यावरून लोक त्यांना 'सालुमरद थिम्मक्का' म्हणू लागले. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०१९ साली भारत सरकारने 'पद्मश्री' देऊन गौरविले.

या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोप जगले, कारण त्याची काळजी घेणारे कोणी होते. रस्त्याकडेचे झाड सर्वांचे असते, आणि जे सर्वांचे ते पुष्कळदा कोणाचेच नसते. खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे आणि एक आकडा असला, की हे सरकारचे झाड आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक छोटे गोंड गाव आहे. या गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभेत एकत्र बसून, सर्वांच्या संमतीने आपल्या रानाचे नियम ठरविले आणि पाळले. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एवढे मोठे रान एक छोटे गाव आपले मानून सांभाळू शकते, तर गावच्या शिवेपासून शाळेपर्यंतची पंचवीस झाडे एका शाळेला सांभाळता येणार नाहीत काय?

मुलांनो, १९५० सालापासून आपल्या देशात जुलै महिन्यात वनमहोत्सव साजरा होतो. त्या दिवशी रोपे लावताना सर्वांना उत्साह असतो. खरी परीक्षा पुढील वैशाखात होते. तेव्हा ऊन रणरणत असते आणि समारंभाला कोणी जमलेले नसते. तुमच्या वर्गाने एक वही करावी. शाळेजवळच्या रस्त्यावरील प्रत्येक जुन्या झाडाचे नाव, त्याच्या बुंध्याचा घेर, त्याला फुले-फळे येण्याचे महिने, त्यावर येणारे पक्षी व प्राणी यांची नोंद तीत ठेवावी. कोठे खिळा, आग किंवा कुऱ्हाडीची खूण दिसली, तर ती गुरुजींना व ग्रामपंचायतीला कळवावी. मात्र एक गोष्ट कधीही विसरू नये. आपला मुलूख वाघ-अस्वलांचाही आहे. पहाटे, तिन्हीसांजेला अथवा एकट्याने रानालगतच्या रस्त्यावर जाऊ नये. हे काम दिवसाउजेडी आणि मोठ्या माणसांबरोबरच करावे.

आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक वनखंड जुन्या स्थितीत राखून ठेवण्यात आला आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने ओळखला जाणारा हा वनखंड २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तेथील वृक्षांकडे मान वर करून पाहिले, म्हणजे आपल्या मागच्या पिढ्यांनी काही झाडांना हात लावला नाही, याचा केवढा लाभ आपल्याला झाला, हे कळते. रस्त्याकडेच्या झाडांच्या बाबतीत तीच जबाबदारी आज आपल्यावर आली आहे. आज राखलेल्या वडावर उद्याही हरियाल उतरतील. आणि आज लावलेल्या उंबराची ढोली ज्या धनेशाला घर म्हणून मिळेल, तो अजून जन्माला यावयाचा आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पूर्व विदर्भातील लोक आपल्या मुलखाला काय म्हणतात?
(आ) महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?
(इ) देवटेक येथील शिलालेखात कोणती आज्ञा आहे?
(ई) थिम्मक्का व चिक्कय्या यांनी वडाची किती झाडे वाढविली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वड, पिंपळ व उंबर यांना 'दुष्काळातील कोठारे' का म्हटले आहे?
(आ) खोडाभोवतीची साल वर्तुळाकार काढल्यास झाड का वाळते?
(इ) दाट रानातील रस्त्याला लागून मोहाची झाडे का लावू नयेत?

३. 'हिशेब करावयास हे वाक्य सोपे आहे. पण हरियालाला तो हिशेब पटत नाही.' या वाक्याचे स्पष्टीकरण करा.

४. 'रस्ता हवा आणि झाडेही हवीत' या विषयावर दहा ओळी लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पर्णहीन, विरळा, अटळ, विपुल, दिवसाउजेडी.

६. उपक्रम : तुमच्या गावाच्या परिसरात झाडांवरून पडलेली गावांची नावे शोधा. ती झाडे आज त्या गावांत आहेत काय, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.